रंग उडाला की दडला?

वाचक भगिनींनो, आणि हे पान 'सहज' उघडणाऱ्या वाचक बंधूंनो! वर्षभर आपली गाठ पडते ती घाईघाईत. लोणच्यावर बुरशी का येते, गाद्यांना ऊन केव्हा द्यावे, एवढे सांगून होते न होते तोच पान संपते. दिवाळी अंकात मात्र संपादकमहाशयांचा हात जरा सैल सुटतो. तेव्हा यंदा ठरवले की, वर्षभर पोटात ठेवलेली एक गोष्ट सांगून टाकायची. गोष्ट माझ्या फजितीची आहे आणि थोडी अपराधाचीही आहे.

गेल्या दिवाळीच्या आधीचा आठवडा. आमच्या घरी कपाटे काढली होती. पलंगावर कपड्यांचा डोंगर, आणि त्या डोंगराशेजारी आमच्या सासूबाई घड्या घालीत बसलेल्या. वय ८१, पण घडी अशी घालतील की टोकाला टोक मिळालेच पाहिजे! घड्या घालता घालता त्यांच्या हाती त्यांचे इरकली लुगडे आले आणि हात थांबला.

हे लुगडे म्हणजे आमच्या घरातली एक मानाची वस्तू. अंग गर्द मोरपंखी, काठ आणि पदर डाळिंबी, पदरावर पांढरी नक्षी. इल्कल हे गाव आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पण तिथल्या मागांवरची लुगडी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या बायकांनी नेसली. अंगाचे आणि पदराचे ताणे निरनिराळे रंगवून, फासे घालून एकमेकांना जोडायचे, ही तिथली खासियत. सासूबाईंना हे लुगडे त्यांच्या थोरल्या भावाने, आमच्या अण्णामामांनी, २०११ सालच्या भाऊबिजेला घेतले होते. तेव्हापासून दर भाऊबिजेला सासूबाई तेच नेसत आल्या. अण्णामामा यायचे, पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे आणि एकदा तरी म्हणायचे, "अजून जपलं आहेस की गं!" हा त्या बहीणभावांचा ठरलेला संवाद.

सासूबाईंनी लुगड्यावरून हात फिरवला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिले आणि काही न बोलता ते चवडीच्या अगदी तळाशी सारून दिले.

"का हो आई, भाऊबिजेला हेच काढून ठेवायचं ना?" मी विचारले.

"नको. यंदा तू पाडव्याला घेतलेली साडी नेसेन. ह्याचा रंग उडाला."

आणि थोड्या वेळाने, दुसरीकडेच पाहत, "अण्णाला वाटेल, मी जपलं नाही."

माझ्या काळजात चर्र झाले. कारण जपले नव्हते ते त्यांनी नव्हे, मी! दोन वर्षांपूर्वी त्यांचे मनगट मोडले. तोपर्यंत आपली लुगडी त्या स्वतः हातांनी धूत. मग ते काम माझ्याकडे आले, म्हणजेच यंत्राकडे गेले. इरकल मऊ पडले होते म्हणून त्या ते एरवीही नेसू लागल्या होत्या. त्यामुळे धुणे वाढले. यंत्रात पावडर मी नेहमी शीग लावून घालते, कारण जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, अशी माझी ठाम समजूत. पाणी बोअरचे. आणि वाळत घालायचे ते गॅलरीत, जिथे अकरापासून चारपर्यंत ऊन भाजून काढते. मोरपंखाची राख करायला याहून दुसरे काय लागते?

आता काही तरी करायलाच हवे होते, आणि हातात दिवस होते सहा.

शेजारणीला सांगितले. तिने संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर बारा उपाय पाठवले. मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, चहा, कॉफी, तुरटी, हळद... सगळे एकत्र केले असते तर एखादे चूर्ण तयार झाले असते! प्रत्येक उपायाच्या खाली 'हमखास' असे लिहिलेले. पण लुगडे एकच होते, आणि ते अण्णामामांचे होते. म्हणून मी शहाणपणा केला आणि प्रयोग आधी चिंध्यांवर केले.

पहिला मान मिठाचा. जुन्या लाल खणाचे दोन तुकडे घेतले. एक मिठाच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात. मिठाच्या पाण्यात रंग खरोखरच कमी सुटला. मी हर्षभरित झाले! पण मग दोन्ही तुकडे साध्या पाण्यात बुडवले, तर दोघांनी सारखाच रंग सोडला. मिठाची कीर्ती आली कुठून, हे मला पुढे रंगाऱ्यांच्या कामाविषयी वाचताना उमगले. सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात, कारण मिठामुळे पाण्यात विरघळलेला रंग धाग्याकडे ढकलला जातो. रंगवताना त्याचा उपयोग खरा. पण पाण्यात रंगच नसेल तर मीठ ढकलणार काय? गेलेला रंग ते परत आणीत नाही, आणि कच्चा रंग कायमचा पक्काही करीत नाही.

दुसरा प्रयोग चहाचा. चिरंजीवांचा काळा सुती सदरा वर्षभरात उंदराच्या रंगाचा झाला होता. कडक कोरा चहा उकळला, गाळला, त्यात सदरा तासभर बुडवला. काळा झाला नाही, पण उंदराचा रंग जाऊन गडद तपकिरी झाक आली. मग आठवण झाली ती आवळ्यांची. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळाकुट्ट होतो, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? तुरट पदार्थ आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. कलमकारी करणारे कारागीर हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर गंजलेले लोखंड नि गूळ आंबवून केलेल्या पाण्याने काळ्या रेघा ओढतात, त्यातले तत्त्व हेच. तेव्हा तोच चहा गंजक्या लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवला आणि सदरा पुन्हा त्यात घातला. काळपट झाला बरे का! चिरंजीव खूष झाले. मात्र दोन दिवस त्यांच्याबरोबर उडप्याच्या हॉटेलाचा वास हिंडत होता. एवढे लक्षात असू द्या की, हा रंग धुण्यागणिक थोडा थोडा उतरतो आणि लोखंड कालांतराने धागा कमकुवत करते. म्हणून हा उपाय घरच्या सदऱ्याला ठीक, ठेवणीतल्या कपड्याला नको.

पण मोरपंखी रंगाला चहा काय करणार? मी डोक्याला हात लावून ओट्याशी बसले. कुकरच्या शिट्या होत होत्या. सासूबाई आत आल्या, डाळ बोटाने चेपून पाहिली आणि म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात लावलीस का गं? नाही शिजायची. जड पाणी आहे ते. आमच्या माहेरच्या विहिरीचं असंच होतं. आई डाळीला नदीचं पाणी आणायची आणि धुण्याच्या शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायची."

"लिंबू कशाला?"

"कशाला ते तिला ठाऊक! नाही पिळलं तर लुगडं करकरीत नि पांढुरकं दिसायचं, एवढं आठवतं."

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, डाळीचा आणि लुगड्याचा काय संबंध? तोच तर सगळा संबंध आहे! जड पाण्यात चुन्याच्या जातीचे क्षार असतात. ते डाळीला शिजू देत नाहीत, बादलीच्या कडेला पांढरे पुट चढवतात, आणि साबणाशी गाठ पडली की फेस न होता चिकट साय तयार करतात. पावडरीतल्या सोड्याशी गाठ पडली तर खडूच्या जातीची बारीक भुकटी होते. ही साय आणि ही भुकटी जाते कुठे? काही मोरीत, आणि काही आपल्या कपड्यांच्या धाग्याधाग्यांत. शाळेतला फळा आठवा. खडूच्या हाताने तो पुसला की पांढुरका दिसतो. म्हणून काही फळ्याचा काळा रंग उडालेला नसतो, तो दडलेला असतो. ओल्या फडक्याने पुसले की पुन्हा काळाभोर!

म्हणजे कपडा फिका दिसण्याची कारणे दोन. एकात रंग उडालेला असतो: उन्हाने, घासण्याने किंवा कच्चा असल्याने पाण्याबरोबर. तो गेला तो गेला. घरातली कोणतीही वस्तू त्याला माघारी बोलावू शकत नाही, फार तर वर नवा रंग चढवता येतो. दुसऱ्यात रंग दडलेला असतो, क्षारांच्या नि साबणाच्या पुटाखाली. आणि त्याच्याच जोडीला आणखी एक चोर असतो, तो म्हणजे लव. सुती कापड यंत्रात एकमेकांवर घासले की धाग्यावर बारीक लव उभी राहते आणि तिच्यामुळे प्रकाश विखुरतो. रंग असूनही कापड धुरकट दिसते.

मग आपल्या कपड्याचे दुखणे कोणते, हे ओळखायचे कसे? अगदी सोपे आहे. आधी शिवणीच्या किंवा दुमडीच्या आत पाहा. आत रंग गडद आणि बाहेर फिका असेल तर बहुधा उन्हाने किंवा घासण्याने रंग गेला. आत-बाहेर सारखेच धुरकट आणि हाताला करकरीत लागत असेल तर पुटाचा संशय घ्या. मग वाटीभर पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालून त्याचे थेंब एका न दिसणाऱ्या कोपऱ्यावर सोडा. दहा मिनिटांनी तेवढा भाग स्वच्छ पाण्याने धुऊन वाळू द्या. वाळल्यावर तो ठिपका भोवतालच्या कापडाहून गडद दिसला तर समजा, रंग दडला आहे. नाही दिसला तर व्हिनेगर वाया घालवू नका.

कन्येने नूडल्ससाठी आणलेली व्हिनेगरची बाटली घरात होतीच. त्या रात्री सासूबाई निजल्यावर मी लुगडे तळातून काढले आणि आतल्या टोकावर थेंब सोडले. सकाळी उठून आधी ते पाहिले, चहासुद्धा नंतर. रुपयाएवढा एक मोरपंखी ठिपका माझ्याकडे पाहत होता! मला इतका आनंद झाला की आमच्या घरातल्या मंडळींना हाक मारून दाखवला. ते म्हणाले, "डाग पडला की काय?" पुरुषांना दाखवण्यात अर्थ नसतो.

आता कृती सांगते. आधी पांढरे ओले फडके डाळिंबी पदरावर दाबून पाहिले. पदरावर पांढरी नक्षी असल्यामुळे लाल रंग सुटला असता तर सगळा घोटाळा झाला असता. फडके स्वच्छ राहिले. मग अर्धी बादली, म्हणजे सात-आठ लिटर, नळाचे पिण्याचे पाणी घेतले, बोअरचे नव्हे. त्यात वाटीभर पांढरा व्हिनेगर घालून ढवळले आणि मगच लुगडे सोडले. कपड्यावर थेट ओतायचे नाही. अर्धा तास ठेवून मधून मधून हलवले. पाणी ताकासारखे गढूळ झाले. माझ्या दोन वर्षांच्या शिगोशीग पावडरीचा हिशेब त्या बादलीत दिसत होता. ते ओतून पुन्हा एकदा तसेच केले. मग स्वच्छ पाण्यातून दोनदा काढले. साय चिकट असते, ती नुसत्या आंबट पाण्याने पुरती निघत नाही. म्हणून आठ-दहा रिठे रात्री भिजवून सकाळी उकळून गाळून ठेवले होते, त्या कोमट पाण्यात हलक्या हाताने चोळले. रिठ्याची गंमत अशी की, जड पाण्यातही तो साबणासारखी साय धरीत नाही. पुन्हा स्वच्छ पाणी. शेवटी भाताची पातळ पेज गाळून तिची हलकी खळ दिली. खळीने लव खाली बसते, कापड गुळगुळीत होते आणि रंग खोल दिसतो. उलटे करून सावलीत वाळवले आणि किंचित ओले असतानाच उलट्या बाजूने इस्त्री केली.

व्हिनेगर नसेल तर चार-पाच लिंबांचा गाळलेला रस चालेल. मात्र नंतर नीट धुवा, नाहीतर इस्त्रीखाली पिवळे डाग उमटतील. आणि चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. व्हिनेगर आणि सोडा एकाच पाण्यात घालू नका. फेस पुष्कळ येतो, पण दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती काही राहत नाही. व्हिनेगर आणि कपड्यांचे ब्लीच तर एकत्र कधीच आणू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. जरीला आणि शिंपल्याच्या बटणांना आंबट पाणी लावू नका. जर काळवंडते, शिंपला झिजतो. आणि पांढऱ्या कपड्याला रिठा नको, किंचित पिवळट झाक येते.

रंग खरोखरच उडाला असेल तर? पिवळ्या-तपकिरी कपड्याला कांद्याची टरफले पाहा. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून, मग तुरटीच्या पाण्यातून काढा. कापडाच्या वजनाइतकी टरफले उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर ठेवा. हळद मात्र वापरू नका. दिसायला झकास दिसते, पण उन्हाने उडते आणि साबण लागला की लाल होते. आमटीच्या डागाला साबण लावताना हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. निळ्या, हिरव्या, लाल रंगांना स्वयंपाकघरात खात्रीचे औषध नाही. त्यांना बाजारचा रंगच हवा. १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने डांबराच्या जातीच्या पदार्थापासून जांभळा रंग काढला, तेव्हापासून आपले बहुतेक कपडे कारखान्याच्याच रंगांनी रंगत आले. १९५६ साली सुताच्या धाग्याशी रासायनिक गाठ मारून बसणारे रंग बाजारात आले. पण उन्हाने उडालेला रंग तेही माघारी आणीत नाहीत.

आणि याच ठिकाणी मला माझ्या गोष्टीतला कडू घोटही सांगायला हवा. इस्त्री झाल्यावर मी लुगडे पलंगावर उलगडले. काठ लखलखीत, पदर जसाचा तसा, अंग पुन्हा मोरपंखी. पण मधोमध, आडवा, हातभर लांब नि चार बोटे रुंद असा फिका पट्टा तसाच! गॅलरीतल्या दोरीवर लुगड्याचा जो भाग माथ्यावर यायचा, तो भाग. तिथे पुट नव्हते. तिथे रंगच नव्हता. मी पुन्हा थेंब सोडले, पुन्हा धुतले. काही नाही.

मग मी लुगडे घेतले आणि सासूबाईंच्या पुढे ठेवले. म्हटले, "आई, हे मी घालवलं होतं. जेवढं परत आलं तेवढं आणलंय. हा पट्टा नाही आला."

त्यांनी चष्मा लावला. काठ पाहिला, पदर पाहिला, पट्ट्यावर बोट फिरवले. मला वाटले, आता बोलतील. बोलल्या त्या एवढेच, "अगं, नऊ वार आहे. एवढासा पट्टा निऱ्यांत जाईल की!"

भाऊबिजेला त्यांनी इरकल नेसले. पट्टा निऱ्यांत कुठे गेला, मलासुद्धा सापडला नाही. अण्णामामा आले, पाटावर बसले. निरांजनाच्या उजेडात बहिणीकडे बराच वेळ पाहत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी!

"हे नवीन घेतलंस होय गं?" अण्णामामांनी विचारले.

"नवीन कुठलं? तूच दिलेलं ते."

"मी? मी तर डाळिंबी दिलं होतं!"

क्षणभर सगळे गप्प. मग सासूबाईंना जे हसू लोटले, ते ताम्हन हातात हिंदकळेपर्यंत. "अरे, पदर डाळिंबी आहे, अण्णा! तेरा वर्षं तू नुसता पदरच बघत आलास होय?"

अण्णामामाही हसले. म्हणाले, "ओवाळताना पदरच दिसतो समोर. आणि तू." मग ताटात ओवाळणी टाकता टाकता पुटपुटले, "जपलं आहेस मात्र."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. "सुनेनं जपलंय," त्या म्हणाल्या.

मला तिथून आत जाऊन कढईतल्या चकल्या उलटाव्या लागल्या. खरे म्हणजे चकल्या केव्हाच तळून झाल्या होत्या.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाले आहेत. पावडर चमचा सपाट करून. रंगीत कपडे उलटे करून, गार पाण्यात, भरड कपड्यांपासून वेगळे. वाळवणे सावलीत, आणि दोरीवरची जागा दर खेपेला बदलून. महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात लिंबू. इरकल मात्र यंत्रात जात नाही. ते मी हातांनी धुते आणि सासूबाई स्टुलावर बसून देखरेख करतात. मनगट बरे झाले असले तरी देखरेखीचे काम त्यांनी सोडलेले नाही.

यंदा कपाटे काढाल तेव्हा तळाशी सारलेला एखादा कपडा वर काढा. बोहारणीपुढे टाकण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर चार थेंब सोडून पाहा. रंग दडला असेल तर परत येईल. उडाला असेल तर निऱ्या आहेतच.

बराय तर. फराळाला या, आणि दिवाळी सुखाची जावो!